एपिस्कोपल देवळांतील विवाह आणि त्याची पूर्वतयारी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

देवळाच्या ज्युबिलीचा मंगल दिवस जवळ आला म्हणजे धर्मग्रामाच्या जुन्या वह्या कपाटांतून बाहेर निघतात. त्यांत बाप्तिस्म्याची वही असते, मृत्यूची असते, आणि विवाहाचीही असते. विवाहाच्या वहींत फारसें कांहीं लिहिलेलें नसतें : वर, वधू, त्यांचे आईबाप, दोन साक्षीदार, तारीख आणि धर्मगुरूंची सही. परंतु ह्या चार ओळींच्या मागें कित्येक शतकांचा झगडा उभा आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. त्या झगड्याचा एक भाग आम्ही प्रस्तुत लेखांत सांगणार आहों. आणि तोही आपल्या देवळाच्या बाजूनें नव्हे, तर अमेरिकेंतील एपिस्कोपल चर्च ह्या दुसऱ्या एका ख्रिस्ती मंडळीच्या बाजूनें.

हाच विषय कां, असें कोणी विचारील. त्याचें कारण सरळ आहे. आपल्या घराघरांतील मुलेंमुली आज समुद्रापलीकडे जाऊन राहिलीं आहेत. तेथें एकाद्याची सोयरीक एपिस्कोपल घराण्याशीं जुळते. मग इकडे निरोप येतो, आणि आजीआजोबांपासून सर्वांस एकच काळजी लागते : त्या देवळांत लागलेलें लग्न हें खरें लग्न कीं नव्हे? ह्या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. तें नीट समजण्यासाठीं इतिहासाच्या वाटेनें थोडें चालून जावें लागतें.

प्रथम नांवाचा उलगडा करूं. एपिस्कोपल हा शब्द ग्रीक भाषेंतील ‘एपिस्कोपोस’ ह्या शब्दापासून निघाला आहे. त्याचा अर्थ देखरेख करणारा, म्हणजेच बिशप. बिशपांच्या अधिकाराखालीं चालणारी मंडळी ती एपिस्कोपल मंडळी. इंग्लंडच्या राज्यापासून अमेरिका स्वतंत्र झाली, तेव्हां तेथील अँग्लिकन लोकांस मोठी अडचण पडली. त्यांना स्वतःचा बिशप नव्हता, आणि इंग्लंडांत बिशप होण्यास राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. तेव्हां सॅम्युएल सीबरी हे स्कॉटलंडांत गेले, आणि अ‍ॅबर्डीन शहरीं १४ नोव्हेंबर १७८४ रोजीं तेथील एपिस्कोपल बिशपांनीं त्यांस बिशपपदाची दीक्षा दिली. पुढें सन १७८९ मध्यें फिलाडेल्फिया येथें ह्या मंडळीची घटना ठरली व तिचें स्वतःचें प्रार्थनापुस्तकही मंजूर झालें. म्हणजे ही मंडळी इंग्लंडच्या चर्चची लेक होय; आणि लेकीनें विवाहाचे नियम नेले ते आईच्या घरूनच.

आईच्या घरचे ते नियम मुळांत आले कोठून? ते आले आपल्याच ख्रिस्तसभेच्या जुन्या परंपरेंतून. विवाह कशानें होतो ह्या प्रश्नास पश्चिमेकडील ख्रिस्तसभेनें मध्ययुगांत एक ठाम उत्तर दिलें होतें : वधूवरांच्या संमतीनें होतो. आईबापांच्या हुकमानें, हुंड्याच्या करारानें किंवा राजाच्या मर्जीनें तो होत नाहीं. हें तत्त्व फार थोर होतें. परंतु त्याची एक काळी छायाही होती. संमतीनेंच विवाह होत असेल, तर दोघांनीं एकांतांत शब्द दिला तरी विवाह झाला. पुढें पुरुषानें तो शब्द नाकारला, तर बिचाऱ्या स्त्रीनें साक्षीस कोणास उभें करावें? अशा गुप्त विवाहांनीं अनेक स्त्रियांचे संसार उघड्यावर पडले, आणि त्यांचीं मुलें अनौरस ठरलीं.

ह्या अनर्थावर उपाय म्हणून सन १२१५ मध्यें चवथ्या लॅटरन धर्मसभेनें असा नियम केला कीं, विवाहापूर्वीं देवळांत जाहीर घोषणा व्हावी, म्हणजे कोणास अडथळा ठाऊक असल्यास त्यानें तो वेळींच सांगावा. परंतु एवढ्यानें गुप्त विवाह थांबले नाहींत. अखेर ट्रेंटच्या धर्मसभेनें ११ नोव्हेंबर १५६३ रोजीं ‘तामेत्सी’ ह्या नांवानें प्रसिद्ध असलेला ठराव केला. तीन सणांच्या दिवशीं घोषणा, धर्मग्रामाच्या गुरूंची उपस्थिति, आणि निदान दोन साक्षीदार, अशी व्यवस्था त्यांत ठरली. गुरु व साक्षीदार ह्यांच्यावांचून झालेला विवाह पोकळ मानला गेला. मात्र ज्या प्रांतांत हा ठराव जाहीर होईल तेथेंच तो लागू व्हावा, असेंही ठरलें होतें. पोर्तुगालनें ट्रेंटचे ठराव स्वीकारले. इंग्लंडांत ‘तामेत्सी’ जाहीर झालाच नाहीं. ह्या एका फरकाचे परिणाम पुढें साडेतीनशें वर्षें टिकले, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

इंग्लंडांत तोंवर निराळा मार्ग निघाला होता. सन १५३८ मध्यें थॉमस क्रॉमवेल ह्यानें प्रत्येक देवळांत बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु ह्यांची वही ठेवण्याचा हुकूम काढला. सन १५४९ मध्यें आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर ह्यांचें इंग्रजी प्रार्थनापुस्तक निघालें. रोमशीं संबंध तुटला होता, तरी त्यांतील विवाहविधि बव्हंशीं सॅलिस्बरीच्या जुन्या कॅथलिक विधीवरूनच घेतलेला होता. वधूवरांनीं उच्चारावयाचे शब्द तर लोकांच्या तोंडीं शेंकडों वर्षें इंग्रजींतच होते. ते क्रॅन्मरनें जवळजवळ तसेच ठेविले. बदल झाले ते थोडे, पण अर्थपूर्ण. जुन्या विधीचा प्रारंभ देवळाच्या दाराशीं होत असे, तो आतां देवळाच्या आंत होऊं लागला. अंगठी उजव्या हाताऐवजीं डाव्या हातांत आली. आणि संतति व पापापासून रक्षण ह्या दोन जुन्या हेतूंच्या जोडीस, सुखदुःखांत परस्परांची सोबत व आधार हा विवाहाचा तिसरा हेतु क्रॅन्मरनें विधीच्या आरंभींच वाचावयास लावला.

ह्या विधीसही पुढें ग्रहण लागलें. प्युरिटन लोकांच्या अमदानींत, सन १६५३ मध्यें, इंग्लंडांत विवाह लावण्याचें काम धर्मगुरूंकडून काढून मॅजिस्ट्रेटांकडे दिलें गेलें, आणि घोषणा देवळांत करावी कीं बाजाराच्या चौकांत हें पक्षकारांच्या खुषीवर ठेविलें. सन १६६० मध्यें राजा परत आला तेव्हां जुनी व्यवस्थाही परत आली. आणि नेमक्या ह्याच संधिकाळांत एक असा विवाह झाला कीं, ज्याचा धागा थेट आपल्या अंगणापर्यंत येऊन पोंचतो.

तो विवाह म्हणजे पोर्तुगालची राजकन्या ब्रागांझाची कॅथेरीन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स ह्यांचा. त्याचा तह २३ जून १६६१ रोजीं झाला, आणि त्यांत टॅंजियर, वीस लक्ष क्रुझादो आणि मुंबई बेट इतकें इंग्लंडच्या पदरीं पडलें. मुंबई आंदणांत गेली ही गोष्ट शाळेंतील मुलेंही सांगतात. परंतु त्याच तहाच्या अकराव्या कलमानें, मुंबईंत राहणाऱ्या कॅथलिक रहिवाशांस आपला धर्म मोकळेपणानें पाळतां येईल असें वचन दिलें होतें, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असते. वधू कॅथलिक, वर अँग्लिकन. मग विधि कोणता करावा? पोर्टस्मथ येथें २१ मे १६६२ रोजीं प्रथम खासगी रीतीनें कॅथलिक विधि झाला, आणि नंतर लंडनचे बिशप गिल्बर्ट शेल्डन ह्यांनीं लोकांसमक्ष अँग्लिकन विधि केला. एका दिवसांत एका जोडप्याचे दोन विवाह! राजाराणीस जें साधलें तें गरिबास साधण्यासारखें नव्हतें. परंतु गरीब कॅथलिकांसही पुढें तोच प्रसंग आला.

त्याचें असें झालें. इंग्लंडांत गुप्त विवाहांचा बाजार वाढतच गेला. लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास कर्जबाजारी पाद्री चार पैसे घेऊन वाटेल त्याचें लग्न, न घोषणा न चौकशी, लावून देत. हें थांबविण्यासाठीं सन १७५३ मध्यें लॉर्ड हार्डविक ह्यांनीं कायदा केला, आणि २५ मार्च १७५४ पासून तो अमलांत आला. घोषणा किंवा परवाना, देऊळ, साक्षीदार आणि वहींत सही, हीं सर्व आवश्यक ठरलीं. हेतु उत्तम होता. परंतु यहुदी व क्वेकर सोडून बाकी सर्वांस अँग्लिकन देवळांतच विवाह करणें भाग पडलें. कॅथलिक जोडपीं आपल्या गुरूंपुढें एकदां वचन देत, आणि कायद्यासाठीं अँग्लिकन वेदीपुढें पुनः उभीं राहत. गुरूंपुढचा विवाह कायदा मानीत नसे. त्यामुळें दुसरा विधि चुकविल्यास मुलांच्या वारसाहक्कावर पाणी पडे. हा जाच सन १८३६ च्या कायद्यानें दूर झाला. आपल्या धर्मबांधवांनीं तीन पिढ्या काय सोसलें, ह्याची आठवण दुसऱ्याच्या देवळांतील लग्नाविषयीं बोलतांना अवश्य ठेवावी. कारण विवाहाच्या बाबतींत कायद्यानें केलेली सक्ति कशी बोंचते तें त्यांस विचारावें.

आतां अटलांटिक ओलांडून लेकीच्या घरीं जाऊं. सन १७८९ च्या अमेरिकन प्रार्थनापुस्तकांत विवाहविधि बराच आखूड झाला. विवाहाचे तीन हेतु सांगणारा प्रारंभींचा भागही गळला. तेथें बरेचसे विवाह देवळांत नव्हे तर घरच्या बैठकींत लागत. अब्राहम लिंकन आणि मेरी टॉड ह्यांचा विवाह ४ नोव्हेंबर १८४२ रोजीं स्प्रिंगफील्ड येथें वधूच्या बहिणीच्या घरीं, चार्ल्स ड्रेसर ह्या एपिस्कोपल पाद्र्यांनीं लाविला. त्यानंतर विवाह हळूहळू देवळांत आला. सन १९२८ च्या आवृत्तींत वधूच्या तोंडचें पतीची आज्ञा पाळण्याचें वचन काढून टाकण्यांत आलें, आणि दोघांचीं वचनें सारखीं झालीं. सध्यां चालूं असलेलें पुस्तक सन १९७९ चें आहे. त्यांत संमतीचा प्रश्न प्रथम वधूला विचारतात व मग वराला. आणि ह्या दोघांना त्यांच्या संसारांत आधार द्याल ना, असा प्रश्न जमलेल्या मंडळीसही विचारतात. बापानें कन्या अर्पण करणें हा पूर्वींचा आवश्यक भाग आतां केवळ ऐच्छिक राहिला आहे.

त्या मंडळींत विवाहाची पूर्वतयारी कशी होते, तें आतां क्रमानें सांगतों. पहिली गोष्ट ही कीं, तयारीचा प्रारंभ दिवस ठरवून होत नाहीं, धर्मगुरूंना भेटून होतो. मंडळीच्या नियमांप्रमाणें विवाहाची इच्छा निदान तीस दिवस आधीं गुरूंस कळवावी लागते. तसेंच भारी कारण असल्यासच ही मुदत सोडतां येते. दोघांपैकीं एकाचा तरी बाप्तिस्मा झालेला असला पाहिजे. विवाह राज्याच्या कायद्याप्रमाणें होण्याजोगा आहे, आणि दोघांची संमति खरी व मोकळी आहे, फसवणूक, जबरदस्ती, व्यक्तीविषयीं गैरसमज किंवा मनांत राखून ठेविलेली गोष्ट त्यांत नाहीं, ह्याची खात्री गुरूंनीं करून घ्यावयाची असते. विवाह म्हणजे काय, हक्क कोणते, कर्तव्यें कोणतीं, ह्याचें शिक्षण दोघांस दिलें जातें. आपण आजन्म टिकणारा विवाह करीत आहों, असें निवेदन दोघें सहीनिशीं लिहून देतात. पूर्वीं घटस्फोट झालेला असल्यास बिशपांची संमति मिळवावी लागते. आणि कोणतेंही लग्न लावण्यास नकार देण्याचा अधिकार गुरूस असतो.

मग सरकारी परवाना. अमेरिकेंत हा प्रत्येक राज्याचा निराळा विषय आहे. न्यूयॉर्क राज्यांत, उदाहरणार्थ, परवाना मिळाल्यावर साधारणतः चोवीस तास थांबावें लागतें, आणि तो साठ दिवसच चालतो. विवाह लागल्यावर गुरु त्यावर सही करून तो परत पाठवितात. म्हणजे तेथें एकच मनुष्य देवाचा सेवक आणि सरकारचा अंमलदार अशीं दोन्ही कामें करतो. निदान दोन साक्षीदार लागतात, हें आपल्यासारखेंच. जुन्या काळची घोषणाही पुस्तकांत अजून छापलेली आहे. मात्र ती सक्तीची नाहीं. संगीत, वाचनें, फुलें, छायाचित्रें ह्यांविषयीं प्रत्येक देवळाचे स्वतःचे नियम असतात, आणि ते आधीं विचारून घ्यावे हें शहाणपणाचें. विधि केवळ प्रार्थनांचा करावयाचा कीं प्रभुभोजनासह, हेंही आधींच ठरवावें लागतें. कारण वऱ्हाडांत निरनिराळ्या पंथांचीं माणसें असल्यास तेथें नाजूक प्रसंग उद्भवतो.

ही सारी काळजी व्यर्थ आहे काय? तशी ती नाहीं, हें एका प्रसिद्ध विवाहावरून दिसेल. न्यूयॉर्कमधील फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील सेंट थॉमस ह्या एपिस्कोपल देवळांत ६ नोव्हेंबर १८९५ रोजीं कॉन्स्वेलो व्हॅंडरबिल्ट हिचें लग्न मार्लबरोच्या नवव्या ड्यूकशीं झालें. वधू अठरा वर्षांची, अमेरिकेंतील एका गडगंज घराण्यांतली. वर इंग्लंडचा मोठा सरदार, पण ब्लेनहाइमचा त्याचा प्रचंड वाडा डागडुजीस पैसा मागत होता. पंचवीस लक्ष डॉलरांचे रेल्वेचे शेअर ह्या लग्नांत दिले गेले. देऊळ फुलांनीं भरलें होतें, रस्त्यांत बघ्यांची रीघ लागली होती. तयारींत उणें असें कांहींच नव्हतें. उणी होती ती एकच गोष्ट : वधूची इच्छा. तिचें मन दुसऱ्यावर होतें, आणि आईनें धाकदपटशानें तिला ह्या लग्नास उभें केलें होतें. लग्नाच्या दिवशीं ती रडून सुजलेल्या डोळ्यांनीं देवळांत उशिरां पोंचली.

संसार टिकला नाहीं. सन १९२१ मध्यें कायदेशीर घटस्फोट झाला, आणि कॉन्स्वेलोनें त्याच वर्षीं एका फ्रेंच गृहस्थाशीं पुनर्विवाह केला. नंतर कॅथलिक न्यायसभेपुढें पहिल्या विवाहाची चौकशी झाली. तेथें खुद्द तिच्या आईनें साक्ष दिली कीं, आपणच मुलीवर जबरदस्ती केली. सन १९२६ मध्यें रोमच्या रोटा न्यायसभेनें तो विवाह मुळांतच पोकळ ठरविला. न्यूयॉर्कचे एपिस्कोपल बिशप मॅनिंग ह्यांस हा निर्णय रुचला नाहीं व त्यांनीं तसें जाहीरपणें सांगितलें. आपल्या देवळांत झालेल्या विवाहाचा निवाडा रोमनें करावा, हें त्यांस कसें आवडावें! परंतु एक सूक्ष्म गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. तो विवाह एपिस्कोपल देवळांत झाला, म्हणून रोमनें त्यास पोकळ म्हटलें नाहीं. विधि पुरेसा आहे असेंच धरलें गेलें. दोष निघाला तो संमतींत. मध्ययुगापासून चालत आलेलें तत्त्वच येथें पुनः उभें राहिलें : दोघांच्या मोकळ्या होकारावांचून विवाह नाहीं, मग देऊळ कोणतेंही असो.

आतां आजीआजोबांच्या प्रश्नाकडे वळूं. बाप्तिस्मा झालेलीं दोन एपिस्कोपल माणसें आपल्या देवळांत विवाहबद्ध झालीं, आणि दोघें विवाहास मोकळीं असलीं, तर ख्रिस्तसभा त्यांचा विवाह खरा मानते, इतकेंच नव्हे तर त्यास संस्काराची योग्यता देते. परंतु दोघांपैकीं एक कॅथलिक असल्यास गोष्ट निराळी. पूर्वीं इंग्लंडांत ‘तामेत्सी’ लागू नसल्यामुळें, अँग्लिकन पाद्र्यांपुढें झालेला कॅथलिकाचा विवाह निषिद्ध असला तरी पोकळ ठरत नसे. पोप दहावे पायस ह्यांच्या ‘ने तेमेरे’ ह्या फर्मानानें, जें २ ऑगस्ट १९०७ रोजीं काढण्यांत आलें व सन १९०८ च्या ईस्टरपासून लागू झालें, हा प्रांताप्रांतांतला भेद बहुतेक मिटला, आणि कॅथलिकानें कॅथलिक गुरूंपुढेंच विवाह करावा हा नियम जवळजवळ सर्वत्र झाला. पुढें पोप सहावे पॉल ह्यांनीं सन १९७० मध्यें मिश्रविवाहांविषयीं नवे नियम दिले, आणि सन १९८३ च्या धर्मसंहितेंत ते कायम झाले. त्यांअन्वयें बिशपांची मिश्रविवाहाची परवानगी आणि विधीच्या बंधनांतून सूट अशा दोन्ही गोष्टी आधीं मिळाल्या, तर एपिस्कोपल देवळांत, एपिस्कोपल गुरूंपुढें झालेला कॅथलिकाचा विवाह ख्रिस्तसभा पूर्णपणें मान्य करते. ही सूट न घेतां केलेला विवाह मात्र ती मान्य करीत नाहीं.

येथें दोन सूचना कराव्याशा वाटतात. कॅथलिक पक्षानें आपला विश्वास राखण्याचें व मुलांस कॅथलिक वळण देण्यासाठीं आपल्याकडून होईल तेवढें करण्याचें वचन द्यावयाचें असतें, आणि तें दुसऱ्या पक्षास आधीं कळवावयाचें असतें. हें लग्न ठरतांना लपवून ठेवणें म्हणजे भिंतीच्या पायांत ओली वाळू भरणें होय. दुसरी सूचना अशी कीं, एकदां सूट घेऊन तेथें विवाह झाल्यावर इकडे येऊन पुनः वचनें घेण्याचा दुसरा विधि करूं नये. राणी कॅथेरीनच्या दिवशीं जें घडलें तें आतांच्या संहितेनें स्पष्ट मना केलें आहे. कारण विवाहाचें वचन एकदांच देतां येतें. कुटुंबाच्या आनंदासाठीं आभाराची मिस्सा करण्यास मात्र कोणाचीच हरकत नाहीं.

दोन्ही मंडळ्यांमध्यें आज मतभेद आहेत, आणि ते झांकण्यांत अर्थ नाहीं. सन १९७३ पासून एपिस्कोपल मंडळीनें घटस्फोटितांच्या पुनर्विवाहाची वाट रुंद केली, आणि सन २०१५ मध्यें समलिंगी जोडप्यांच्या विवाहासही मान्यता दिली. आपली ख्रिस्तसभा ह्या दोन्ही गोष्टी स्वीकारीत नाहीं. तरी पण मूळ एक आहे, ही खूण आपल्या देशाच्या कायद्यांतही उमटलेली दिसते. सन १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या पांचव्या कलमांत विवाह लावण्याचा अधिकार ज्यांस दिला आहे, त्यांत पहिला मान एपिस्कोपल दीक्षा मिळालेल्यांचा, म्हणजे बिशपांच्या हातून दीक्षा घेतलेल्यांचा आहे; आणि त्या एकाच शब्दांत आपले कॅथलिक गुरु आणि अँग्लिकन पाद्री दोघेही येतात. जो शब्द आपण परक्या मंडळीचें नांव म्हणून ऐकतों, तो कायद्याच्या दृष्टीनें आपल्या गुरूंसही लागू आहे!

म्हणून परदेशीं सोयरीक जुळूं लागली कीं, मंडप, जेवण आणि पाहुण्यांची यादी ह्यांच्या आधीं मुलानें किंवा मुलीनें आपल्या धर्मग्रामाच्या गुरूंचें दार ठोठवावें. बाप्तिस्म्याचा ताजा दाखला काढावा, बिशपांकडे अर्ज वेळींच जाऊं द्यावा, आणि दोन्ही देवळांच्या गुरूंची एकमेकांशीं गांठ घालून द्यावी. वडिलांनींही एवढेंच पाहावें कीं, आपलें लेंकरूं वेदीपुढें उभें राहील तें कोणाच्या भीडेनें किंवा धाकानें नव्हे, तर मोकळ्या मनानें. लॅटरनची घोषणा, ट्रेंटचे साक्षीदार, हार्डविकची वही आणि एपिस्कोपल गुरूंची तीस दिवसांची मुदत, ह्या सर्वांचा खटाटोप एवढ्यासाठींच होता.

आमच्या धर्मग्रामाच्या विवाहाच्या वहींत पुढील काळांत जीं नांवें चढतील, आणि समुद्रापलीकडच्या ज्या वह्यांत आमच्या मुलांचीं नांवें लिहिलीं जातील, त्या सर्वांवर परमेश्वराची कृपा असो, आणि काना गांवच्या लग्नास आलेला तो पाहुणा प्रत्येक घरीं वस्तीस राहो, हीच ज्युबिलीच्या ह्या शुभ प्रसंगीं आमची प्रार्थना.